शिडी भिंतीपासून किती लांब

१२ जानेवारी

बारके,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, गाळलंय.

तुझा पत्ता तुझ्याच पुस्तिकेच्या मागच्या पानावर मिळाला. 'तासाची पहिली पाच मिनिटं', आठवी ते दहावीच्या गणित शिक्षकांसाठी. वर तुझा हसरा फोटो, खाली 'आपल्या सूचनांचं स्वागत आहे'. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून सूचना टपालाने पाठवते आहे. पोचपावतीसह, म्हणजे मिळालं नाही म्हणायला जागा नको.

सूचना एकच आहे. पान सतरा काढून टाक.

मला कसं कळलं ते सांगते. आमच्या शाळेत नववी ब आणि दहावी अ यांच्यामध्ये धड भिंत नाही, प्लायवूड आहे. गुरुवारी तिसऱ्या तासाला मी दहावीला स्पर्शिका शिकवत होते. पलीकडे आमची नवी गणिताची शिक्षिका होती. पंचविशीची पोरगी आहे. तुझ्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्यापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. एरवी 'पुस्तकं उघडा' म्हणून ओरडते. त्या दिवशी आवाज खाली घेऊन म्हणाली, "पुस्तकं मिटा. एक गोष्ट ऐका."

एक माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाच मीटरची शिडी. शिडीचे पाय भिंतीपासून सव्वा मीटरवर. खाली शिडी धरायला त्याची अकरा वर्षांची मुलगी. बापाने बजावलं होतं, हात सोडू नकोस. रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली. मुलीने मान वळवली. मग एक हात सोडला, मग दुसरा.

इथे तू कंसात लिहिलं आहेस, 'दहा सेकंद थांबा'. ती थांबली. माझ्या दहावीची मुलंसुद्धा लिहायची थांबली.

"आता सांगा, शिडीचं वरचं टोक किती उंचीवर होतं?"

मग कर्ण, पाया, वर्ग, वर्गमूळ. कोणीतरी चार पॉइंट चौऱ्याऐंशी काढले, त्याला शाबासकी मिळाली. आणि शेवटी तुझं ते वाक्य, तेही पाठ केल्यासारखं: "ती मुलगी पुढे गणिताची शिक्षिका झाली. ही पुस्तिका तिनेच लिहिली आहे."

बाबा सात वर्षं खाटेवर होते. त्यांच्या मोडलेल्या पाठीची तू प्रस्तावना करून टाकलीस. पायथागोरसच्या प्रमेयाची.

मी फळ्याकडे वळले आणि उरलेला तास पाठमोरी शिकवलं. मुलांना वाटलं, मी चिडलेय. बरोबरच वाटलं.

आई माझ्याजवळ असते. तिला यातलं काही कळू दिलेलं नाही. ती तुझ्याशी कशी वागते हे तुला ठाऊक आहे. हे कळलं तर आणखी काय म्हणेल, त्याचाही विचार कर.

— मोठी

२० जानेवारी

बारके,

पोचपावती आली. तुझी सही आहे, तुझं उत्तर नाही. ठीक.

या आठवड्यात पुस्तिका अख्खी वाचली. नव्या बाईकडून मागून घेतली. तिला वाटलं, मला आवडली. बिचारी खूश झाली. तू माझी बहीण आहेस हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पान चार : कागद अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा, अशा किती घड्या घालता येतील यावर मुलांकडून पैज लावून घ्यायची आणि मग घातांक शिकवायचे. आमच्या वर्गात त्रेपन्न मुलं आहेत, त्रेपन्न कागदांचा कचरा कोण काढणार ते लिहिलेलं नाही. पान नऊ : फळ्यावर मुद्दाम चुकीचं उदाहरण सोडवायचं आणि चूक शोधायला लावायची. पान अकरा : 'आपल्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असेल का?' असेल, नसेल, त्याने परीक्षेत मार्क मिळतात का?

मी वर्गात कशी सुरुवात करते ते तुला आठवत असेल, तुलाही मी तशीच शिकवायचे. आत यायचं, तारीख घालायची, पाच उदाहरणं लिहायची, घड्याळ लावायचं. एक शब्द बोलायचा नाही. एकोणीस वर्षं हेच करतेय. माझी मुलं नापास होत नाहीत.

पान सहा मात्र करून पाहिलं. ते किती फुटकळ आहे ते स्वतःला दाखवायला. घरून चार डब्यांची झाकणं आणि सुतळी नेली. परीघ मोजा, व्यास मोजा, भागाकार करा. मागच्या बाकावर एक ढिम्म कारटी बसते, तिने वर्षभरात माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. ती उठली आणि विचारलं, "बाई, बादलीचं पण तेवढंच येईल?" मी म्हटलं, बघ. ती जी गेली, ती बादली मोजून, पाण्याच्या टाकीचं झाकण मोजून, मुख्याध्यापकांच्या सायकलचं चाक मोजून परत आली. तीन पॉइंट एक, तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट एक. घंटा झाली तरी कोणी जागचं उठेना.

मला ते आवडलं नाही. धडा अर्धा राहिला.

पान सतराबद्दल मात्र पुन्हा सांगते. तुझ्या गोष्टीत बाप आहे, मुलगी आहे, शिडी आहे. थोरली बहीण नाही. आभार मानावेत की काय कळत नाही. त्या दिवशी मी तिथे नव्हते हे खरं. आईने हाक मारली म्हणून मी घरी गेले होते, हे तुला माहीत आहे. पण जे घडलं ते आपल्या चौघांत होतं, सव्वीस वर्षं. तुझ्या हातून जे झालं ते मी बाहेर कधी कोणाला सांगितलं नाही. तू ते छापून वाटतेस, आणि वर लोक टाळ्या वाजवतात. नवी बाई सांगत होती, प्रशिक्षणात तू पान सतरा करून दाखवलंस तेव्हा दोघीतिघी रडल्या. अपराधाचं प्रदर्शन मांडलं की अपराध हलका होतो, असं वाटतं का तुला?

— मोठी

३१ जानेवारी

बारके,

हे पत्र लांबणार आहे. मध्येच फाडू नकोस.

काल मधल्या सुट्टीत नवी बाई स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात तुझी पुस्तिका, पान सतरा उघडलेलं.

"मॅडम, एक अडचण आलीय. नववी बमध्ये एक मुलगी आहे, तिची आई घरं रंगवायची कामं घेते. ती म्हणते, हे गणित चुकीचं आहे."

"उत्तर चुकलंय?"

"उत्तर नाही. गोष्ट. ती म्हणते, पाच मीटरच्या शिडीला सव्वा मीटर म्हणजे अगदी बरोबर अंतर. तिची आई शिडी अशीच लावते, लांबीच्या चौथ्या हिश्शावर. अशी लावलेली शिडी कोणी धरली नाही तरी सरकत नाही म्हणे. आणि चुकीच्या अंतरावर लावली, तर अकरा वर्षांच्या पोरीने धरून काही उपयोग नाही. मग त्या मुलीने हात सोडला काय आणि नाही सोडला काय, तो माणूस पडला कसा?"

मी वह्या तपासत होते. तपासतच राहिले.

"वर्गात सगळे माझ्याकडे बघत बसले," ती म्हणाली. "मी आता पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंनाच कळवते. त्यांना माहीत असेल."

तुला माहीत नाही. मला माहीत आहे. त्या पोरीचा प्रश्न तुझ्यापर्यंत परक्या माणसाकडून पोचायच्या आधी मीच सांगते. यात माझा चांगुलपणा समजू नकोस. दुसऱ्या कोणी चूक पकडण्यापेक्षा आपण पकडलेली बरी, एवढंच.

चूक आकड्यात आहे. शिडी भिंतीपासून सव्वा मीटरवर नव्हती. अडीच मीटरवर होती.

औषधांच्या दुकानाची पाटी होती. शटरच्या वरच्या भिंतीवर थेट रंगवायची होती. बाबा खाली रंग ढवळत होते आणि मला म्हणाले, तू शिडी लाव. भिंतीला लागून सायकली उभ्या होत्या, सात-आठ. त्या हलवायच्या म्हणजे दुकानात जाऊन विचारा, एकेक उचला, पलीकडे नेऊन लावा. पाच वाजता शिकवणीच्या वर्गातल्या मुली त्याच रस्त्याने जायच्या. मला त्यांनी शिडीपाशी बघायला नको होतं. पाटीवाल्याची मुलगी हे सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रंगाच्या डब्यांमध्ये उभं असलेलं दिसणं वेगळं. मी सोळा वर्षांची होते. म्हणून मी शिडीचे पाय सायकलींच्या अलीकडेच टेकवले. खाली गुळगुळीत फरशी होती.

बाबांनी पाहिलं. ते म्हणाले, "जरा लांब झाली का?"

मी म्हटलं, "बसलीय नीट. बारकी धरतेय ना."

त्यावर ते काय म्हणाले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते हसले आणि म्हणाले, "तू म्हणतेस तर बरोबरच असणार." मी गणितात पहिली यायचे ना.

मग मी तुझे दोन्ही हात धरून शिडीवर ठेवले आणि निघून गेले. आईने हाक मारली नव्हती. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं. गेली सव्वीस वर्षं सांगत आले तेही खोटं. मी दुकानामागच्या गल्लीत जाऊन उभी राहिले, मुली पुढे जाईपर्यंत. शिडी पडल्याचा आवाज मी तिथून ऐकला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आईने मला विचारलं, "शिडीपाशी कोण होतं?" मी म्हटलं, "बारकी." वाक्य खरं होतं. पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं. तुला हाक कोणी मारली, तू मान कुठे वळवलीस, यातलं तुला तरी नीट आठवतं का? मला वाटतं, 'तू हात सोडलास' हे इतक्यांदा ऐकल्यावर हात का सोडला याचं कारण तूच नंतर तयार केलंस. त्या अंतरावर, त्या फरशीवर, बाबांच्या वजनाला तू दोन्ही हातांनी धरून ठेवलं असतंस तरी शिडी गेलीच असती. तू अठ्ठावीस किलोची होतीस. तुझ्यासकट गेली असती.

आणि सव्वा मीटर. तो आकडा तुला कोणी दिला, आठवतं? तू आठवीत होतीस. त्रिकोणांचा धडा आला तेव्हा वही घेऊन माझ्यापाशी आलीस आणि विचारलंस, "ताई, त्या दिवशी शिडी भिंतीपासून किती लांब होती?" मला पाचाचा चौथा हिस्सा लगेच काढता आला. म्हटलं, "सव्वा मीटर. बरोबर लावली होती." तू वहीत लिहून घेतलंस. मी बघत होते.

पहिल्या वेळी मी घाबरले होते, ते एक वेळ समजून घेता येईल. त्या दिवशी मी अठरा वर्षांची होते आणि अजिबात घाबरलेली नव्हते.

बाबा तुला कितीदा म्हणायचे, "तुझी चूक नाही, पोरी." तुला वाटायचं, समजूत घालतायत. आईलाही तेच वाटायचं. ते समजूत घालत नव्हते. त्यांनी शिडी पाहिली होती. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. मी त्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा देणार होते, मग नोकरी, मग त्यांची औषधं. घरात उभं राहणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते त्यांना मोडायचं नव्हतं. तुला खरं सांगितलं असतं तर मी मोडले असते. नाही सांगितलं तर तू. त्यांनी हिशेब केला असावा. मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे, हे वाचून तुला हसू येईल.

तेव्हा दुरुस्ती करून घे. पाया अडीच, कर्ण पाच, उंची चार पॉइंट तेहतीस. नव्या बाईला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. माझं नाव घातलंस तरी चालेल.

क्षमा मागत नाही. तू करणार नाहीस, आणि केलीस तर मला तुझा आणखी राग येईल.

— मोठी

९ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांत पहिलं. अख्ख्या कागदावर दोन शब्द : 'आईला सांगितलंस?'

नाही सांगितलं. आणि तू मला हुकूम सोडणारी कोण? मला शिव्या घातल्या असत्यास तर मी समजू शकले असते. हे काय, वर्गात उभं करून उत्तर विचारल्यासारखं?

आई सत्तर वर्षांची आहे. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने मशीन लावलं तर येतं, आणि मशीन ती लावत नाही. गुडघे गेलेत. तिला हे सांगून कोणाचं काय भलं होणार आहे? बाबा परत येणार आहेत का? तुझं लग्न पुन्हा होणार आहे, आणि आई त्याला जाणार आहे?

खरं कारण हवंय? घे. आईच्या लेखी तिला एकच बरी मुलगी आहे. पगार आणून देणारी, औषधं चुकवू न देणारी, घर न सोडणारी. ती जागा मी चोरून मिळवली असेल, पण सव्वीस वर्षं बसलेय तिच्यावर. मला ती सोडायची नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी दुसरी कुठली जागा शोधू?

पुन्हा लिहू नकोस.

— मोठी

१५ फेब्रुवारी

बारके,

सांगितलं.

रविवारी दुपारी. आई पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होती. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, "आई, बाबांची शिडी मी लावली होती."

"काय?"

"शिडी. मी लावली होती. चुकीची."

"वाढली नाही का? मग अजून घाल पाणी." तिला वाटलं, मी कसल्या तरी झाडाबद्दल बोलतेय.

मशीन लाव म्हटलं तर हाताने झिडकारलं. शेवटी मी ओरडून सांगितलं. सगळं. सायकली, मुली, गल्ली, अडीच मीटर. ज्या गोष्टी मी स्वतःशीसुद्धा हळू बोलत होते त्या अशा आवाजात सांगाव्या लागल्या की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मध्येच एकदा आई म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला दुसऱ्याच वेळी ऐकू आलं होतं.

ती हातातली उशीची खोळ पुन्हापुन्हा सारखी करत राहिली. मला वाटलं, रडेल, नाहीतर मारेल. ती म्हणाली, "तिच्या लग्नात मी नव्हते."

खोळ तिने बाजूला ठेवली.

"तू नव्या कपड्यांत दारात उभी होतीस. मला म्हणालीस, चल ना आई, झालं गेलं. मी म्हटलं, ज्या हातांनी माझा माणूस पाडला त्या हातांवर मी अक्षता कशा टाकू? आठवतं? आणि तू म्हणालीस, तुझी मर्जी."

"आठवतं."

"तेव्हा तू एकदा तोंड उघडलं असतंस तर मी चप्पल न घालता धावत गेले असते."

आपल्याला कधीतरी भांडता येईल की दोष तिचाही होता, अकरा वर्षांच्या पोरीला माणूस पाडणारी म्हणणारी ती आई कसली. मला ते म्हणायचंही होतं. पण बोलायचा हक्क मला नव्हता. तुला आहे. तू म्हण.

तेव्हापासून ती माझ्या हातचं जेवत नाही. स्वतः उठून भात लावते, एक वाटी, एकटीपुरता. दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्यापाशी उभी राहते आणि मी मदतीला गेले की गॅस बंद करून बाहेर येते. चार दिवस मी शाळेतून आले की ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. काल संध्याकाळी उठून बसली आणि म्हणाली, "मी तिच्याकडे जाते. घरात घेईल का विचार."

विचारायला वेळ ठेवलेला नाही. हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, सोमवारी तुला मिळेल. आई मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या बसने निघेल, साडेचारला तुमच्या स्टँडवर उतरेल. निळी पिशवी तिची, खाकी बॅगही तिचीच. तुला घ्यायचं नसेल तर स्टँडवर येऊन तिला तोंडावर सांग. ते तुला करता येणार नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच पाठवतेय. मी अशीच आहे.

रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी. पांढरी. पिवळी गोळी दिवसाआड, ती चुकवायला बघते, पाण्याचा पेला हातात देऊन समोर उभं राहावं लागतं. मीठ कमी. मशीनची जादा बॅटरी पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. जिना चढताना हात धरलेला तिला आवडत नाही, नुसतं मागे राहा. ती तुझी माफी मागणार नाही, तिला येत नाही. तू घडी केलेले कपडे ती पुन्हा उलगडून घडी करत बसेल. करू दे, अडवू नकोस.

तुझ्या मुलीला आजी आहे हे तिला आधी सांगून ठेव. एकदम दारात उभी राहिली तर पोर बिचकेल. आईला तिचं वयही माहीत नाही. मला विचारलं, मलाही सांगता आलं नाही.

नव्या बाईला मी काल सांगितलं की त्या पुस्तिकेतली थोरली बहीण मी. "पुस्तिकेत थोरली बहीण नाहीये," ती म्हणाली. मी म्हटलं, "तेच सांगतेय." मग तिच्या परवानगीने नववी बमध्ये गेले आणि त्या रंगारणीच्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं की तिचा प्रश्न बरोबर होता, आकडा चुकीचा होता आणि तो मी दिलेला होता. तिने विचारलं, "मुद्दाम?" मी हो म्हटलं. मी खडू ठेवून बाहेर आले.

माझ्यावर तुझा राग असू दे. माझाही तुझ्यावर आहे, तो का आहे हे शोधायचं मी सोडून दिलंय. तू सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीबद्दल लोकांसमोर मान खाली घालून उभी राहिलीस आणि त्यातूनही मुलांना शिकवायचं काहीतरी काढलंस. माझ्या पाच उदाहरणांतून कोणाला काही मिळालं असेल असं मला आज वाटत नाही. हे दुसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

आई म्हणालीय, स्टँडवर सोडायलाही येऊ नकोस. मंगळवारचे पहिले दोन तास मी रजा टाकलीय. तिच्या मागून वीस पावलं ठेवून चालणार आहे. तिला ऐकू येत नाही, मागे वळायला तिला मान साथ देत नाही, तेव्हा तिला कळणार नाही. बस सुटेपर्यंत खांबाच्या आड उभी राहीन.

ती पोचली की कळव.

— मोठी